पदवीचा कागद आणि विद्येची साक्ष

(विद्यापीठीय अध्यापकांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा शब्दांकित पाठ)



तक्षशिलेत सात वर्षे वैद्यकाचे अध्ययन केल्यावर जीवकाच्या मनात एक प्रश्न उभा राहिला. या विद्येला अंत आहे की नाही? आपले शिक्षण पूर्ण झाले हे ओळखायचे तरी कसे? त्याने तो आचार्यांपुढे मांडला. आचार्यांनी त्याला प्रश्नपत्रिका दिली नाही. कुदळ घेऊन तक्षशिलेच्या चहूबाजूंना एक योजनाच्या परिसरात फिर आणि जी वनस्पती औषधी नाही ती घेऊन ये, एवढेच सांगितले. जीवक सगळा परिसर हिंडला आणि रिकाम्या हातांनी परतला. औषधी गुण नाही अशी एकही वनस्पती त्याला आढळली नव्हती. तुझे शिक्षण पूर्ण झाले, असे आचार्यांनी त्याला सांगितले आणि वाटखर्चासाठी थोडे देऊन निरोप दिला. विनयपिटकातील ही कथा. पुढे हाच जीवक मगधात बिंबिसाराचा वैद्य झाला आणि भगवान बुद्धांवर उपचार करण्याचे भाग्यही त्याला लाभले.

या छोट्या कथेत आजच्या विषयाचे सारे सार आले आहे. विद्यार्थ्याकडून काय अपेक्षित आहे हे आचार्यांना नेमके ठाऊक होते. पुढे जे काम आयुष्यभर करायचे, त्याच जातीची परीक्षा त्यांनी घेतली. आणि 'झाले' हा शब्द त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर उच्चारला. अपेक्षा, पडताळणी आणि उत्तरदायित्व या तीन गोष्टींना आज 'अध्ययन निष्पत्ती आणि तिचे मूल्यमापन' असे भारदस्त नाव मिळाले आहे. नाव मिळाले, पण गोष्ट हाती लागली का, हा खरा प्रश्न आहे.

शब्द नवा, दुखणे जुने

मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही आपली पहिली तीन आधुनिक विद्यापीठे १८५७ साली स्थापन झाली, ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. त्यांचे मुख्य काम परीक्षा घेण्याचे आणि पदव्या देण्याचे. शिकवण्याचे काम महाविद्यालयांचे. ज्याने शिकवले त्याने तपासायचे नाही आणि ज्याने तपासले त्याने विद्यार्थ्याचे तोंडही पाहायचे नाही, अशी ही रचना. तिच्यातून माणसे घडलीच नाहीत असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. १८६२ साली मुंबई विद्यापीठातून जे पहिले चार पदवीधर बाहेर पडले, त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. परंतु अशा तेजस्वी पुरुषांचे श्रेय परीक्षापद्धतीच्या खात्यावर जमा करता येत नाही. व्यवस्थेची कसोटी सामान्य विद्यार्थ्यावर लागते.

स्वातंत्र्य मिळाल्यावर डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४८-४९ मध्ये या दुखण्यावर अचूक बोट ठेवले. विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षांची असेल, अशा आशयाचे मत आयोगाने नोंदवले. त्याला आता पाऊणशे वर्षे होऊन गेली. आपल्या प्रत्येक अपयशासाठी मेकॉलेला दोष देण्याची सवय आपल्याला लागली आहे. मेकॉलेचे टिपण १८३५ सालचे. अपेक्षित प्रश्नांचे संच, परीक्षेच्या आदल्या रात्रीचे गाईड आणि एकमेकांच्या जर्नलवरून उतरवलेली प्रयोगाची वाचने ही काही त्याने आपल्यावर लादलेली नाहीत. ही आपली स्वतःची कमाई आहे.

निष्पत्तीची भाषा आपल्याकडे बाहेरून आली हे खरे. अमेरिकेत बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये शैक्षणिक उद्दिष्टांचे वर्गीकरण मांडले, २००१ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन आणि नवनिर्मिती या सहा पायऱ्या आता प्रत्येक प्राध्यापकाला पाठ आहेत. २०१४ मध्ये भारत 'वॉशिंग्टन अकॉर्ड' या अभियांत्रिकी शिक्षणविषयक आंतरराष्ट्रीय कराराचा स्थायी सदस्य झाला आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत निष्पत्ती-आधारित शिक्षणाला वेग आला. 'नॅक'च्या मूल्यांकनात अध्ययन निष्पत्तींना स्वतंत्र स्थान मिळाले. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने घोकंपट्टीऐवजी क्षमतांवर भर दिला. महाराष्ट्रात हे धोरण स्वायत्त महाविद्यालयांमध्ये २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांमध्ये २०२४-२५ पासून लागू झाले. दिशा योग्य आहे. चांगली गोष्ट कोठूनही घ्यावी, असाच आपला संस्कार आहे. मात्र घेतलेली वस्तू नीट वापरायची असते, देव्हाऱ्यात ठेवून तिच्यापुढे उदबत्ती लावायची नसते.

तक्ते भरले, घागर रिकामी

आज प्रत्यक्षात काय चालते, ते पालकांनीही समजून घेण्यासारखे आहे. प्रत्येक विषयासाठी पाच-सहा निष्पत्ती लिहिल्या जातात. संपूर्ण पदवी अभ्यासक्रमाच्या निष्पत्ती वेगळ्या असतात. मग या दोहोंचा एक तक्ता तयार होतो आणि विषयाची कोणती निष्पत्ती पदवीच्या कोणत्या निष्पत्तीला किती हातभार लावते, हे एक, दोन किंवा तीन अशा आकड्यांनी दाखवले जाते. शेवटी विद्यार्थ्यांचे गुण घेऊन 'साध्यता' काढली जाते. समजा, ६० विद्यार्थ्यांच्या वर्गात ठरवलेल्या गुणांच्या पुढे ४२ जण गेले. म्हणजे ७० टक्के. ठरवलेली सर्वोच्च पातळी ७० टक्क्यांची असेल, तर साध्यता 'तीन'. काम फत्ते!

पण थोडे थांबून विचार केला की पायाखालची वाळू सरकते. गुणांची मर्यादा कोणी ठरवली? विभागाने. टक्केवारीची पातळी कोणी ठरवली? त्याच विभागाने. अंतर्गत गुण कोणी दिले? त्याच अध्यापकाने. प्रश्न सोपे झाले, गुण सढळ हाताने दिले, तर विद्यार्थी एक अक्षरही अधिक न शिकता साध्यता वर चढते. ज्या ताजव्याचे वजन दुकानदाराच्याच हाती, त्याच्या मापाला काय अर्थ? पुष्कळ ठिकाणी हे तक्ते सत्राच्या आरंभी वर्गात उघडतच नाहीत. तपासणी समिती येणार असे कळले की मागच्या पाच वर्षांचे तक्ते आठ दिवसांत तयार होतात. मागच्या वर्षीच्या फाइलमधील वर्ष बदलले जाते, आकडे तेच राहतात. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, त्या विद्यार्थ्याला आपल्या विषयाच्या निष्पत्ती कोणत्या, हे ठाऊकही नसते.

यात अध्यापकांना झोडपण्याचा हेतू नाही. सव्वाशे विद्यार्थ्यांचा वर्ग, वर्षानुवर्षे न भरलेल्या जागा, तासिका तत्त्वावर राबणारे तरुण सहकारी आणि त्यावर अहवालांचा मारा, ही त्यांची स्थिती आहे. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागेल. निष्पत्ती हे विद्यार्थ्याला आणि समाजाला दिलेले वचन आहे. आपण त्याचे निरीक्षकासाठी भरायचे विवरणपत्र करून टाकले. रोग आहे तो येथे.

निष्पत्ती लिहावी कशी?

'विद्यार्थ्याला मराठ्यांच्या इतिहासाचे आकलन होईल' हे वाक्य अनेक अभ्यासक्रमांत आढळेल. वाक्य निर्दोष आहे आणि निरुपयोगीही. आकलन झाले हे कशावरून ओळखायचे? याउलट असे लिहून पाहा : 'विद्यार्थी पेशवेकालीन एक अपरिचित मोडी पत्र तासाभरात बाळबोध लिपीत उतरवील, पत्राचा काळ व प्रसंग ओळखील आणि त्यातील कोणते विधान लेखकाने स्वतः पाहिलेले व कोणते ऐकीव, हे कारणासह सांगेल.' आता अध्यापकाला काय शिकवायचे ते कळले, विद्यार्थ्याला कशाची तयारी करायची ते कळले आणि परीक्षा कशी घ्यायची हा प्रश्नही जवळजवळ सुटला. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे ढीग वाचकांची वाट पाहत आहेत. इतिहासाच्या पदवीधराला त्यांतील एक कागद वाचता येत नसेल, तर आपल्या तक्त्यातील तीनचा आकडा कोणाला दाखवायचा?

वाणिज्य शाखेचेच घ्या. 'जीएसटीची संकल्पना स्पष्ट करा' या प्रश्नाला पाठ केलेले उत्तर लिहून विद्यार्थी उत्तीर्ण होतो. गल्लीतील किराणा दुकानाची महिन्याभराची खरेदी-विक्रीची बिले त्याच्या हाती द्यावीत, विवरणपत्र तयार करायला सांगावे आणि झालेली चूक शोधायला लावावी. भौतिकशास्त्रात लंबकाच्या प्रयोगावरून गुरुत्व त्वरण काढताना सर्वांच्या जर्नलात ९.८ हाच आकडा येतो, ही कौतुकाची नव्हे, चिंतेची बाब आहे. ज्याचे उत्तर ९.५ आले आणि ते तसे का आले हे ज्याला सांगता येते, तो विद्यार्थी शास्त्र शिकला. बाकीचे जुळवाजुळव शिकले.

निकष कसे असावेत याचा धडा आपल्याच घरात आहे. समर्थ रामदासांनी दासबोधात लेखनक्रियेवर स्वतंत्र समास लिहिला. चांगले लेखन म्हणजे काय, हे त्यांनी मोघम सांगितले नाही. अक्षराचा वाटोळेपणा, ओळींमधील अंतर, काने-मात्रा, आरंभापासून अखेरपर्यंत अक्षराची एकसारखी ठेवण, इतकेच नव्हे तर कागद, शाई आणि लेखणीची निगा, असे सारे तपशील त्यांत येतात. तो समास वाचून कोणीही आपले अक्षर स्वतः तपासू शकतो. आजच्या परिभाषेत याला 'रुब्रिक' म्हणतात. विद्यार्थ्याला स्वतःचे काम स्वतः जोखता आले पाहिजे, हे त्यामागील सूत्र.

म्हणून निष्पत्ती मोजक्या असाव्यात, साध्या मराठीत असाव्यात आणि पहिल्याच तासाला वर्गात वाचून दाखवाव्यात. वीस निष्पत्तींचे ओझे वाहण्यापेक्षा चार वचने पाळणे बरे.

पडताळणीची रीत

निष्पत्ती जशी, तशी परीक्षा हवी. बोलण्याची क्षमता लेखी परीक्षेत कळत नाही आणि संघात काम करण्याची वृत्ती बहुपर्यायी प्रश्नांत दिसत नाही. तेव्हा साधने वेगवेगळी असावी लागतात. लेखी परीक्षेला तिचे स्थान आहेच. परंतु तिच्या जोडीला मौखिकी, क्षेत्रकार्य, प्रत्यक्ष केलेली वस्तू आणि वर्षभराच्या कामाचा संग्रह यांची साक्ष घेतली पाहिजे.

मौखिकीचे महत्त्व तर आता शतपटीने वाढले आहे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि घरून लिहून आणलेला निबंध हा विद्यार्थ्याच्या विद्येचा पुरावा राहिला नाही. यंत्र क्षणार्धात सुबक प्रकल्प लिहून देते. त्यावर बंदीची फर्माने काढून काही साधणार नाही. विद्यार्थ्याला समोर बसवून, 'हे वाक्य तू का लिहिलेस? याच्या विरोधात काय म्हणता येईल?' असे दहा मिनिटे विचारले, की खरे-खोटे आपोआप वेगळे होते. गुरूने शिष्यासमोर बसावे आणि प्रश्न विचारावेत, ही आपली उपनिषदकाळापासूनची रीत. यंत्रयुगाने आपल्याला पुन्हा तिच्याच दारात आणून उभे केले आहे.

आणखी एक खबरदारी आवश्यक आहे. आपल्या वर्गाचे मूल्यमापन अधूनमधून दुसऱ्या महाविद्यालयातील सहकाऱ्याकडूनही करवून घ्यावे. वीस उत्तरपत्रिका त्याला द्याव्यात, आपल्या निकषांवर त्याने गुण द्यावेत आणि दोघांच्या गुणांतील अंतर मोकळेपणाने पाहावे. यासाठी शासनाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही.

आपल्याच आग्रहाची कसोटी

आता थोडे कटू बोलणे भाग आहे. भारतीय ज्ञानपरंपरेला विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात स्थान मिळावे हा आपला अनेक दशकांचा आग्रह. नव्या धोरणाने तो मान्य केला. महाराष्ट्राच्या नव्या श्रेयांक रचनेत भारतीय ज्ञानप्रणालीचा दोन श्रेयांकांचा विषय आला. एका श्रेयांकाला सिद्धांताच्या पंधरा तासिका, म्हणजे जेमतेम तीस तासिका. हे यश खरे, पण त्याचे पुढे काय होणार? चार वेदांची नावे सांगा, पुढीलपैकी शून्याचा शोध कोणी लावला, योग्य जोड्या लावा, अशा प्रश्नसंचांत ही परंपरा बसवली गेली तर तिचा सन्मान झाला की विटंबना? विद्यार्थी आर्यभटाचे नाव पाठ करील, दोन गुण मिळवील आणि सहा महिन्यांत विसरून जाईल. बाहेरच्या विरोधकांना जे जमले नाही ते आपलेच गाईड करून दाखवील.

याच विषयाची निष्पत्ती निराळी लिहिता येते. आर्यभटाने आपल्या ग्रंथात दिलेली परिघ-व्यासाच्या गुणोत्तराची किंमत विद्यार्थ्याने स्वतः मांडून पाहावी. वीस हजार व्यासाच्या वर्तुळाचा परिघ ६२,८३२, म्हणजे गुणोत्तर ३.१४१६. आणि त्याने ही किंमत 'आसन्न' का म्हटली, यावर विचार करावा. आपल्या गावातील बारव मोजून तिचा आराखडा काढावा, पाणी कोठून येते आणि कोठे जाते हे शोधावे. आजीकडून एखाद्या धान्याच्या साठवणुकीची रीत लिहून घ्यावी आणि ती आजच्या शास्त्राच्या कसोटीवर लावावी. कसोटीत काही गळून पडले तर तेही प्रामाणिकपणे नोंदवावे. परंपरेला परीक्षेचे भय नाही. भय असलेच, तर ते आंधळ्या पाठांतराचे आणि पोकळ अभिमानाचे आहे.

जे मोजता येत नाही

शिक्षणाचे अंतिम फळ चारित्र्य, असे आपण मानतो. मग चारित्र्याची निष्पत्ती लिहायची का? देशप्रेमाला पाचपैकी किती गुण द्यायचे? येथे संयम हवा. गुण ठेवले की त्याचे नाटक सुरू होते. सेवाभावाचे प्रमाणपत्र मिळते म्हणून वृक्षारोपणाचे छायाचित्र काढणारे आणि रोपाला पुन्हा पाणी न घालणारे आपण पाहिले आहेत.

छांदोग्य उपनिषदातील श्वेतकेतूची कथा येथे मार्गदर्शक ठरते. बाराव्या वर्षी गुरुगृही गेलेला हा मुलगा चोविसाव्या वर्षी सर्व वेद शिकून घरी आला, तो ताठ मानेने. पदवी होती, साध्यता पूर्ण होती. पिता उद्दालक आरुणीने त्याच्या चालण्या-बोलण्यातला गर्व तेवढा पाहिला आणि ओळखले, की काहीतरी राहून गेले आहे. त्यांनी मुलाला नापास केले नाही. एका प्रश्नाने त्याचे अपुरेपण त्याच्या लक्षात आणून दिले आणि मग पाण्यात मीठ विरघळवायला लावून, वरून, मधून, तळातून चाखायला लावून त्याला शिकवले. न दिसणारे तत्त्व सर्वत्र भरून असते, हे त्याला स्वतःच्या जिभेने कळले. चारित्र्य मोजता येत नसले, तरी जवळून पाहणाऱ्याला ते दिसते. त्याला गुणांची नव्हे, सहवासाची आवश्यकता असते. अध्यापकाला विद्यार्थ्याचे नाव माहीत असणे, ही त्या दिशेची पहिली पायरी.

पालकांनीही उद्दालकाची भूमिका सोडता कामा नये. मुलगा सत्रपरीक्षेचा निकाल घेऊन घरी आला की 'किती मिळाले?' एवढ्यावर आपले विचारणे संपते. त्याऐवजी, 'या सहा महिन्यांत आधी येत नव्हते असे काय करता येऊ लागले?' हा प्रश्न जेवताना विचारून पाहावा. पोटाला चिमटा काढून भरलेल्या शुल्काचा हिशेब मागण्याचा हा सर्वांत सभ्य मार्ग आहे.

वचन कोणाचे?

शेवटी पंचतंत्राची आठवण करून देणे उचित ठरेल. महिलारोप्य नगरीच्या अमरशक्ती राजाचे तीन पुत्र मंदबुद्धीचे. त्यांना शिकवण्यासाठी वृद्ध विष्णुशर्म्याला बोलावण्यात आले. राजाने शंभर शासने, म्हणजे भूमिदाने, देऊ केली. विद्याविक्रय करीत नाही असे सांगून विष्णुशर्म्याने ती नाकारली आणि प्रतिज्ञा केली, की सहा महिन्यांत राजपुत्र नीतिशास्त्रात पारंगत झाले नाहीत तर आपण आपले नाव टाकू. निष्पत्ती स्पष्ट, मुदत निश्चित आणि अपयशाची जबाबदारी स्वतःच्या नावावर. विद्यार्थी कमकुवत आहेत, वेळ अपुरा आहे, पूर्वीच्या शिक्षकांनी पाया कच्चा ठेवला, असे एकही कारण त्याने आधी नोंदवून ठेवले नाही. उलट, रूढ पद्धतीने ही मुले शिकणार नाहीत हे ओळखून त्याने पद्धतच बदलली आणि प्राण्यांच्या कथा रचल्या.

आजच्या अध्यापकाने नाव टाकावे, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. परंतु येत्या सत्रात आपल्या एका तरी विषयाच्या चार निष्पत्ती साध्या मराठीत लिहून त्या वर्गाच्या भिंतीवर लावाव्यात आणि खाली आपली सही करावी. सत्राच्या अखेरीस किती विद्यार्थ्यांनी त्या प्रत्यक्ष करून दाखवल्या, तो आकडा त्याच कागदावर, जसा आला तसा, लिहावा. साठांपैकी अठराच आला तर अठराच लिहावा. तपासणी समितीच्या तक्त्यातील तीनपेक्षा भिंतीवरचा तो अठराचा आकडा अधिक मोलाचा ठरेल, कारण पुढच्या वर्षी तो चोवीस करण्याची प्रेरणा त्यात आहे.

राष्ट्राचे पुनर्निर्माण हा शब्द आपण वारंवार उच्चारतो. ते कोठे होते? ज्या वर्गात शिकवणारा आपल्या शब्दाला जागतो आणि शिकणारा आपल्या हाताने करून दाखवतो, त्या वर्गात होते. जीवकाच्या आचार्यांजवळ मूल्यांकनाची श्रेणी नव्हती, साध्यतेचा तक्ता नव्हता. त्यांचा शब्द होता, आणि जीवकाने पुढे बरे केलेले रुग्ण त्या शब्दाची साक्ष देत होते. आपण दिलेल्या पदवीचीही अशी साक्ष उद्या समाजाने द्यावी, एवढीच अपेक्षा.